मामंजींचं ‘फिट’

मला पाहायला आले तेव्हा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी माझ्याविषयी एकच शब्द काढला, ‘फिट.’ पोह्यांची बशी ठेवता ठेवता मी तो ऐकला आणि मनात म्हटलं, हा माणूस हवालदार होता की शिंपी?

सांगलीच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली मी. नाक इतकं वर असायचं की पायाखालची पायरी दिसायची नाही. त्यांच्यासोबतच्या बायकांनी रीतीप्रमाणे मला चालायला लावलं, पेपर वाचायला लावला, सुईत दोरा ओवायला लावला. ते सगळं उरकल्यावर मामंजी आपल्या मुलाकडे वळले.

“आता तू ऊठ रं. त्या दारापत्तुर चालून दाव. पोरीला बघू दे.”

मुलगा चालला. त्याने पेपर वाचला. सुई हातात घेतल्यावर मात्र त्याला असा घाम फुटला की दोरा काही आत जाईना.

“पलटणीत मेडिकल सगळ्यांचंच हुतं, पोरी,” मामंजी मला म्हणाले. “बोल, फिट का अनफिट?”

शेक्सपिअर कोळून प्यायलेल्या माझ्या तोंडून तरी काय निघावं? ‘फिट.’ असं माझं लग्न ठरलं.

कुंडलला नांदायला आले आणि कळलं, मामंजींचं निम्मं बोलणं या एका शब्दावर चालतं. आमटीत मीठ बेताचं, की फिट. नळाची तोटी घट्ट बसली, की फिट. म्हशीने भरपूर दूध दिलं, की फिट. चुलतदीर पिऊन ओट्यावर पडले, की “गडी फिट हाय, आत घ्या.” शेजारची आक्का घेरी येऊन पडली, की तिला फिट आली. आणि आम्ही नवराबायको भांडून गप्प बसलो, की “आज दोगांची लय फिट बसलीया. कोण कुणाला जेवाया बी बोलवंना.”

माहेराहून मी भांड्यांबरोबर डिक्शनरीही आणली होती. एकदा ती उघडून मी त्यांना समजावलं, की म्हशीला फिट म्हणत नाहीत.

“बरं,” ते म्हणाले. “मग तूच जा आन् म्हशीला सांग.”

पुढे ती डिक्शनरी पाळण्याच्या एका पायाखाली गेली आणि पाळणा डुगडुगायचा थांबला. तेव्हा मामंजी काय म्हणाले, ते सांगायला नको.

माणसाला मात्र त्यांनी कधी अनफिट म्हटलं नाही. आमची थोरली दहावीला गणितात गचकली, तेव्हा घरात सुतक पडलं. ते म्हणाले, “टेंपरवारी हाय. परत बोर्ड बसंल.” त्यांच्या पलटणीत नापास जवानाला काही दिवसांनी डॉक्टरांचा बोर्ड पुन्हा तपासायचा, तसं.

नव्वदी उलटल्यावर त्यांचे पाय थकले. ह्यांनी परस्पर ठरवून टाकलं, वडिलांचं उसात जाणं बंद. मामंजी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवायला उठेनात.

“बोर्ड न बसवता मला अनफिट केलं गं,” ते मला म्हणाले.

मग मी बोर्ड बसवला. माझ्या खांद्याला धरून ते दारापर्यंत चालले. पेपर त्यांनी घडाघडा वाचला; तो उलटा होता, पण बोर्डाने तिकडे काणाडोळा केला. राहिली सुई. ती मी आधीच ओवून त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोटांनी दोरा चाचपला.

“फिट,” मी म्हटलं.

“लबाड,” ते हसले. “खोटं बोलाया बी फिट झालीस की.”

दुसऱ्या दिवशी ह्यांनी निमूटपणे त्यांना गाडीत घालून उसाच्या बांधावर नेऊन बसवलं. तोडणी संपेपर्यंत ते रोज गेले. नंतर एका दुपारी झोपेतच गेले.

परवा नातीला पाहायला पुण्याहून मुलगा आला. चहा झाल्यावर मी सुईदोरा आणून त्याच्यापुढे ठेवला. नातीने कपाळाला हात लावला. आमचे हे उठून बाहेर गेले. त्या सुईशी त्यांचं जुनं वैर आहे.

मुलाने बाह्या मागे सारल्या आणि दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं. मी मान वळवली. नातीने हात खाली घेतला होता आणि ती बघत होती.