मोहाच्या रानात गप्प झालो तेव्हा

त्या दिवशी देवावरचा माझा भरोसा हलला होता, हे आधीच सांगतो. पहाटे मोहफुलं वेचायले गेलेली माझी बायको ऊन डोक्यावर आलं तरी परतली नव्हती. आमच्या रानात वाघ आहे. म्हणून इकडं लोक मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून जंगलात चालतात, जनावर दूर राहते. मीही खिशात भजन लावलं आणि तिले हाका मारत एकटाच निघालो. शेजाऱ्याले सोबत बोलवायले ताठा आडवा आला. शाळा शिकलो नाई, पण रान मले पाठ आहे, असा तो ताठा.

एका मोहाखाली तिची टोपली दिसली, फुलं सांडलेली. देवाले दटावलं, जन्मभर तुझं नाव घेतलं ते याच्यासाठी काय?

तेवढ्यात डोक्यावर मोळी घेतलेली एक अनोळखी गोंड बाई वाटेनं आली. तिले सगळं सांगितलं. ती म्हणाली, "भाऊ, ते गाणं बंद करा. तुमीच बोलून राह्यले, तर तिनं बोलावं कवा?"

मले राग आला. बायकोशिवाय कोणी मले असं बोललं नव्हतं. गाणं बंद म्हणजे वाघाची भीती. तरी म्हटलं, देवा, आता तूच पाहा. आणि बंद केलं.

रान एकदम मोठं झालं. वाळल्या पानांवर हळू पाय टाकत चाललो. माश्यांची गुणगुण ऐकू आली. वरची वानरं निवांत होती. वाघ असता तर ती खाकरून ओरडली असती. मग नाल्याकडून दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला. थांबून, पुन्हा.

आवाजामागं गेलो, तर नाल्यात बायको बसलेली. पाणी प्यायले उतरताना तिचा पाय मुरगळला होता. ओरडून घसा बसलेला. मले पाहून म्हणाली, "दोनदा इथूनच गेले जी तुमी. भजन मस्त होतं, पण माहा आवाज त्यात कुठी पुरते?"

पाठीवर घेतलं तर वर म्हणे, हळू चला, म्हातारे झाले तुमी.

ती मोळीवाली नंतर दिसली नाई. बाजारात विचारलं, कोणाले ठाऊक नाई. असेल कुठल्या गावची. मी वाद घालत नाई. तिच्या तोंडून मले सांगणं झालं, एवढं माझ्यापुरतं खरं.

आता रोज सकाळी आम्ही दोघं देवीच्या ठाण्यापर्यंत पायी जातो. पहिले हात जोडले की माझं मागणं सुरू व्हायचं. आता नुसता उभा राहतो. पाखरं बोलतात, बाजूला ती धापा टाकते. तो आवाज कानावर आहे तोवर मले मागायचं काई नाई.