रानमांजरीसाठी सोडलेला तुकडा

सासूबाई आल्यागेल्याजवळ तिला 'आमची उंदीरवाली' म्हणायच्या. त्यात थोडी चेष्टा असे आणि बराचसा वैताग. वैताग का नसावा? सून चांगली शिकलेली, शेती संशोधन केंद्रात नोकरीला, आणि स्वयंपाकघरात कढई चढवून पीठ खरपूस भाजते ते कुणासाठी, तर शेतातल्या उंदरांसाठी! "घरच्या उंदराला पिंजरा आणि रानातल्याला पाहुणचार," असं नवरा म्हणायचा, पण पिठात घालायचं तेल तोच आणून द्यायचा.

त्या पाहुणचाराला कारण होतं. उंदीर मोठा संशयी. शेतात नवी पेटी दिसली की चार हात लांबूनच निघून जातो. म्हणून ती पेटीचं दार उघडं बांधून ठेवायची आणि आत पिठाच्या गोळ्या टाकत राहायची. उंदीर निर्धास्त झाले की मगच दार सोडायचं, सापडतील त्यांच्या कानाला खूण करायची आणि त्यांना परत शेतात सोडून द्यायचं. हे बघून शेतकरी कपाळावर हात मारून घेत. पण कुठला उंदीर किती लांब फिरतो हे कळायला दुसरा मार्ग नव्हता.

तिचा खरा जीव मात्र एका रानमांजरीत अडकला होता. ओढ्याकाठच्या झुडपात ती राहायची. तिच्या गळ्यात रेडिओचा पट्टा घालून, हातात अँटेना धरून, ही बांधाबांधाने तिच्यामागे कितीतरी हंगाम फिरली होती. तिला एवढंच दाखवायचं होतं की मांजरं राहू द्या, उंदीर आवाक्यात राहतील, विष लागणार नाही. आसपासची बाकी रानमांजरं केव्हाच संपली होती. उरली होती ही एक आणि तिची पिल्लं.

त्या वर्षी उंदरांनी उभं पीक कातरलं. शेतकरी केंद्राच्या दारात येऊन बसले, आणि त्यांचं तरी काय चुकलं? साहेबही वाईट माणूस नव्हते. विष टाकावंच लागेल म्हणाले, पण मांजरीसाठी हवा तेवढा तुकडा सोडा, नकाशावर तुम्हीच रेघ मारा. तिने मारली. विष खाल्लेला उंदीर त्या तुकड्यापर्यंत पोचणारच नाही, अशी चांगली ऐसपैस मारली. विष इकडेतिकडे सांडू नये म्हणून आपल्या पेट्याही देऊ केल्या. उंदीर सवयीने आत शिरले आणि पोटभर जेवले.

उंदरांबद्दलचा तिचा अंदाज बरोबर निघाला. चुकला तो मांजरीबद्दलचा. हे विष लगेच मारत नाही. उंदीर आधी सुस्तावतो, भरदिवसा उघड्यावर झिंगत फिरतो. आयतं ताट वाढलेलं असताना पिल्लांची आई झुडपात दबा धरून कशाला बसेल? ती रेघ ओलांडून गेली. हिने तिला कायम चपळ उंदरांमागे धावताना बघितलं होतं, आणि तेवढ्यावरच ती किती फिरते ते ठरवलं होतं.

रेडिओचा आवाज एकाच जागेवरून यायला लागला तेव्हा ही पळत सुटली. मांजर बांधाच्या कडेला आडवी पडली होती, नाकाशी रक्त सुकलेलं. पिल्लं झुडपात सापडली, तीही गेलेली. ती तिथेच मातीत बसून हमसून हमसून रडली. घरी आल्यावर सासूबाईंनी अंघोळीला पाणी तापवून दिलं.

पुढच्या हंगामात उंदीर परत आले. उंदरांना काय, चार वाचले तरी पुरतात. या खेपेला तर आधीपेक्षा जास्त झाले. मांजर होती तेव्हा जे ही कुणाला पटवू शकली नव्हती, ते मांजर गेल्यावर आपोआप सगळ्यांना पटलं. वरून शाबासकीसुद्धा आली. साहेबांनी तिला समोर बसवून चहा मागवला आणि तुमचंच खरं ठरलं, अशी कबुली दिली.

"मग आता विष थांबवा," ती म्हणाली.

साहेबांनी कप खाली ठेवला. "थांबवलं असतं हो बाई. पण आता मांजरं कुठून आणू? शेतकरी बाहेर बसलेत. तुम्हीच सांगा, दुसरं काय करू?"

तिने खूप आठवून पाहिलं. आयुष्यभर हाच एक विषय शिकलेली बाई, पण तिला काही सुचेना.

"टाका," ती म्हणाली.