विहिरीवरचा शाफ्ट

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या कारखान्यांच्या भिंतींना खेटून पत्र्याच्या शेडी उभ्या आहेत. त्यातली एक दिनानाथ राऊतची. आत लोखंड कातणारे दोन लेथ, एक ग्राइंडर आणि तो एकटा. वय साठीकडे झुकलेलं, कंबर त्याआधीच झुकलेली. या उन्हाळ्यात शेड बंद करून जवळच्या माहीम गावी, घरच्या पानवेलींच्या वाडीत कायमचं येऊन राहायचं, असं त्यानं बायकोला, शैलाला, कबूल केलं होतं. तसं तो दर उन्हाळ्यात कबूल करी, हा भाग वेगळा.

तेवढ्यात सीमेवर लढाई पेटली. फौजी ट्रकांना लागणाऱ्या पिना तो एका कंपनीला करून देई. तिथल्या दर्पणचा फोन आला, "काका, दुप्पट हव्यात. ताबडतोब!" पिनांसाठी लागणाऱ्या पोलादी सळ्यांच्या गाड्या तर वाटेतच अडकलेल्या. मग काय, भंगार! मोडक्या मोटारींचे दांडे, होड्यांचे जुने शाफ्ट, मिळेल ते दिनानाथ उचलून आणी आणि एकेक तुकडा ग्राइंडरला टेकवी. ठिणग्या लांब, सरळ गेल्या की लोखंड मऊ, टाक बाजूला. फुलबाजीसारख्या फुटल्या की पोलाद, घे. डोळ्यांची आग होई, जेवणाच्या घासाला तेलाचा वास येई. पण खरं सांगायचं तर गडी मनातून सुखावला होता. इतक्या वर्षांत त्याच्या पिनांची कुणाला एवढी घाई झाली नव्हती.

शेवटच्या खेपेला पोलाद कमी पडलं. सगळं बोईसर पालथं घातलं, तुकडा मिळेना. तेव्हा त्याची बुद्धी फिरली. वाडीतल्या विहिरीवरचा पंप खोलून त्यानं आतला फिरता दांडा, शाफ्टच, काढला. जुना, जाडजूड, अस्सल माल.

"अवो, या उनात पंप खोलताव? पानवेलींना रोज पानी लागते, तुमाला म्हाईत नाय काय?" शैला कळवळून म्हणाली.

"दोन दिस कळ काढ. सळ्या आल्या की नवा घालून देतो. लढाई हाय गं."

लढाईचं नाव निघाल्यावर शैलानं घरातला हंडा काढून विहिरीवर नेऊन ठेवला.

शाफ्टचे तुकडे झाले, तुकड्यांच्या पिना झाल्या. त्या पेटीत भरत असतानाच पुन्हा दर्पणचा फोन. लढाई थांबली होती. "काका, ही खेप राहू द्या. पुढचं नंतर बघू."

बाहेर कामगार ओरडत होते, "अरे, जंग रुक गई!" कुणी पेढेही वाटले. दिनानाथ मात्र पेटीतल्या पिना मोजत बसला, आणि त्या मोजण्याची त्याला फार लाज वाटली. माणसं मरायची थांबली आणि आपण पिनांचं दुःख करत बसलोय! पण पिना जोडून शाफ्ट होत नाही. सळ्या यायला अजून आठवडा होता, आणि पानवेली तेवढी वाट बघणाऱ्या नव्हत्या.

तो वाडीत पोचला तेव्हा शैला हंड्यानं पाणी घालत होती. वेलींनी माना टाकल्या होत्या. त्याला बघून तिनं पदराच्या गाठीतून खोबऱ्याचा तुकडा काढला.

"शितलादेवीचा परसाद. लढाई थांबू दे म्हनून नारळ बोलली होती मी."

त्यानं तो तोंडात टाकला.

"आपला शाफ्ट कामाला आला ना पन?" तिनं विचारलं.

"आला," दिनानाथ म्हणाला.

"मंग जाऊ दे वेली," म्हणत ती रिकामा हंडा घेऊन विहिरीकडे गेली.