तेवीस चुलींचा मनोरा

कुवेतमध्ये माझ्या दादाला बॅचलर म्हणत. लग्नाला चौदा वर्षं झालेली, घरी दोन मुलं, डोक्यावर नावापुरते केस, तरी बॅचलर. राई नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या एका गॅरेजात तो गाड्यांचे पोचे काढायचा आणि सात जणांबरोबर एका खोलीत राहायचा. त्याच्या पगारावर बायकोला आणायचा व्हिसा मिळत नव्हता आणि ज्याची बायको इथे नाही तो बॅचलर, इतका सरळ मामला. मग बाग असो की कसलं संमेलन, दारावर पाटी ठरलेली: फक्त फॅमिली. माझं बी.एड. ह्याच बॅचलरच्या कमाईवर झालं. मी मात्र अहमदीच्या तेलकंपनीत कामाला जाणाऱ्या एका इंजिनिअरशी लग्न करून इथे आले आणि आल्या दिवसापासून फॅमिली ठरले. याचा मला संताप यायचा. अजूनही येतो.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी कुवेतमधल्या एका भारतीय शाळेत भूगोल शिकवत होते. वार्षिक प्रदर्शनासाठी नववीच्या मुलींना मी लोकसंख्येचा मनोरा करायला दिला. मधल्या रेघेच्या एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, तळाशी तान्ही मुलं, टोकाला म्हातारेकोतारे. देश मुद्दाम लेसोथो घेतला. दक्षिण आफ्रिकेने चहूबाजूंनी वेढलेला हा डोंगराळ मुलूख, आणि तिथले कर्ते पुरुष पिढ्यान्‌पिढ्या शेजारच्या खाणींत कामाला जाणारे. गावात उरलेल्यांचाच मनोरा काढला तर पुरुषांची बाजू ऐन उमेदीच्या वयात खचलेली दिसते. मुलींनी इंग्रजीत विचारलं, या देशातले बाबा गेले कुठे? त्यांचे स्वतःचे बाबा गाडी घेऊन गेटवर उभे असायचे, त्यांना काय कळणार. मी सांगितलं की तिथल्या जनगणनेत खाणीवर गेलेला माणूसही घरच्यांबरोबर मोजतात. वाचलं तेव्हा त्या न पाहिलेल्या देशातल्या सरकारी बाबूंबद्दल मला एकदम जिव्हाळा वाटला होता.

मग डोक्यात किडा वळवळला. लेसोथोच्या शेजारी आपल्या वाडीचा मनोरा का नको? सिंधुदुर्गातली आमची वाडी तेवीस घरांची. एका माणसाला एक चौकट. घरी आहे तो भरीव, मुंबईला किंवा आखातात आहे तो पोकळ.

मोजणीला दादा बसला. शुक्रवारी सुट्टी, तेव्हा तो आमच्याकडे जेवायला यायचा. हात धुऊन त्याने डोळे मिटले आणि वरच्या अंगाच्या पहिल्या घरापासून सुरुवात केली. गावी असताना गावजेवणाचं आमंत्रण करायला तोच वाडीभर फिरायचा आणि दर चुलीमागे किती पानं ते तोंडपाठ ठेवायचा. दहा वर्षांत तीनदाच गावी गेलेला माणूस, पण कोणाची सून बाळंत झाली, कोणाचा म्हातारा गेला, सगळं पत्रांतून त्याच्याकडे पोचलेलं. मी लिहीत गेले. पोकळ चौकटी वाढायला लागल्या तसा त्याचा आवाज उतरत गेला. शेवटी कागद पाहून म्हणाला, बायकांनीच धरून ठेवल्यानी गो वाडी. प्रदर्शनात तक्ता कधी लागणार, हे त्याने दोनदा विचारलं. इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली होती.

प्रदर्शन शुक्रवारी होतं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून, दोन बस बदलून आला आणि गेटवरच्या हारिसने, म्हणजे पहारेकऱ्याने, त्याला बाजूला उभं केलं. निरोप आला तशी मी धावत गेले. बतागा, म्हणजे ओळखपत्र, बघितला, बॅचलर आहे, हारिस हिंदीत सांगत होता. बिचाऱ्याला तसा हुकूमच होता. तेवढ्यात सुपरवायझर बाई आल्या. मुलींची शाळा आहे, नियम सगळ्यांना सारखा, त्यांनी मला गोड आवाजात समजावलं. हा माझा सख्खा भाऊ आहे, दोन मुलांचा बाप आहे, मी म्हटलं. त्यांनी विचारलं, त्यांची फॅमिली इथे आहे का?

"मी आहे ना," मी म्हटलं. "मी कोण लागते त्याची?"

बाई घड्याळात बघून आत गेल्या. दादा म्हणाला, जाऊ दे, नोकरीचा विचार कर. त्याने तसं म्हटल्यावरच माझं डोकं फिरलं. ज्याने मला त्या नोकरीपर्यंत आणलं, त्याने माझ्या नोकरीला घाबरून रस्त्यावर उभं राहायचं? मी तडक वर्गात गेले, भिंतीवरचे दोन्ही तक्ते उतरवले आणि पालकांच्या गर्दीतून बाहेर घेऊन आले. आमच्या गाडीच्या बॉनेटवर ते पसरले. वाऱ्याने उडू नयेत म्हणून एका बाजूला हारिसने हात ठेवला. पालकांना सोडून बाहेर थांबलेले पाच-सहा ड्रायव्हर गोळा झाले. दादाने आधी त्यांना लेसोथो समजावला, माझ्यापेक्षा चांगला. मग वाडीवर बोट ठेवून तो एकेक घर सांगायला लागला. एका ड्रायव्हरने विचारलं, भाई, इसमें आप कहाँ हो?

दादाचं बोट आमच्या घरावर थांबलं. आई, वहिनी, दोन मुलं. चारच चौकटी. भरीव नाही, पोकळही नाही, तो कुठेच नव्हता. मी पुन्हा मोजलं. मग माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे आमंत्रण करणारा माणूस स्वतःचं पान धरत नाही. तो वाढायला असतो, सगळ्यात शेवटी उरलंसुरलं घेऊन बसतो. दादाने सवयीने तसंच मोजलं होतं, आणि मी, त्याची शिकलेली बहीण, तसंच लिहून घेतलं होतं. बाईंवर चिडायचा मला काय हक्क होता?

मी पर्समधून पेन काढलं आणि पुरुषांच्या बाजूला एक पोकळ चौकट आखली. दादाने तिच्यावर बोट ठेवलं.

"भरून काढ ती," तो म्हणाला. "मी मेलंय नाय."

मी भरली. घोटून घोटून, कागद पलीकडून निळा होईस्तोवर. खालची बेरीज खोडून एकाने वाढवली, तक्ते आत नेले आणि जागच्या जागी लावले. सुपरवायझर बाई पुन्हा आल्या. तक्ते बघायला बरेच पाहुणे येणार होते आणि ही खाडाखोड कसली, असं त्यांचं म्हणणं होतं.

"एक माणूस मोजायचा राहिला होता," मी म्हटलं. "तो गेटवर उभा आहे."