नाव नसलेल्या मापाचा कोट

माझ्या नाकावर राग असतो, हे मीच आधी सांगते. दादा मला ‘तोफ’ म्हणतो, ते काही उगीच नाही. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, कोट शिवणारा मास्तर. दुकान त्याचं, काज-बटणं माझी आणि कच्ची शिलाई वहिनीची. वहिनीसारखी गरीब गाय या दुकानात टिकली कशी, असं मला वीस वर्षं वाटत होतं. आता वाटतं, तिला गाय म्हणणारी मीच बैल.

दादा प्यायचा. तो स्वतः मात्र म्हणायचा, ‘घेतो कधीतरी.’ हे ‘कधीतरी’ सकाळी नऊलाच उजाडायचं. कापायच्या टेबलाखाली, अस्तराच्या गठ्ठ्यामागे बाटली असायची. “थेंबभर घेतली की कात्री सरळ चालते,” असं वर तोंड करून सांगायचा. आणि खरं सांगायचं तर चालायची सरळ! न घेता कापायला बसला की खडूची रेघसुद्धा नागमोडी यायची.

मग त्याचं पोट वाढायला लागलं आणि हातपाय वाळायला लागले. डोळे पिवळट दिसायचे. पँट बसेना तर म्हणाला, धोब्याने आटवली. पट्टा बसेना तर म्हणाला, चामडं आखडलं. एकदा तर म्हणाला, टेपच आटलीय! मी म्हटलं, “दादा, जगात सगळं आटलं, फक्त तुझी बाटली आटत नाही.” तो हसला आणि म्हणाला, “धडाडली तोफ.” डॉक्टरचं नाव काढलं की उठून बाहेर जायचा.

मी काय काय केलं नाही? भांडले, रडले, शपथा घातल्या. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. एकदा सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. दुसऱ्या दिवशी तो घामाने निथळत होता, दात वाजत होते, भिंतीवरून मुंग्या चालल्यात म्हणून ओरडत होता. मला वाटलं, नाटकं करतोय. पुढे डॉक्टरांनी मला फैलावर घेतलं, “अशी एकदम तोडायची नसते बाई, फिट येऊन माणूस जातो.” मी भावाला वाचवायला निघाले होते आणि मारूनच टाकणार होते.

वहिनीने यातलं काहीच केलं नाही. तिने एकच केलं, खोटं बोलणं थांबवलं. आधी गिऱ्हाईक आलं की सांगायची, मास्तरांना ताप आहे. एक दिवस बँकेतले साहेब कोट न्यायला आले, तेव्हा शांतपणे म्हणाली, “तयार नाही. मास्तर काल प्यायले होते. परवा या.” साहेब छताकडे बघायला लागले. दादा आत सगळं ऐकत होता. आठ दिवस तो तिच्याशी बोलला नाही. मला वाटलं, आता दुकानाला टाळं. पण साहेब सांगितल्या दिवशी आले, कोट घेऊन गेले. बाईला भीती कशी वाटली नसेल, देव जाणे! नंतर विचारलं तर म्हणाली, “वाटली ना. म्हणून तर हात अर्धवट कोटाच्या घडीखाली ठेवले होते.”

त्यानंतर महिन्याभराची गोष्ट. आमच्या दुकानाचा एक नियम आहे, दादानेच घातलेला: मापाच्या चिठ्ठीवर नाव नसेल तर पक्की शिलाई करायची नाही. पूर्वी एकदा दोन नवरदेवांचे कोट बदलले होते, तेव्हापासूनचा. तर त्या दिवशी वहिनीने एक चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली. नावाची जागा कोरी.

“हे कोण?”

“एक गिऱ्हाईक आहे. यायला तयार नाही. कच्चा करून ठेवू, नाव मागून लिहू.”

दादाने चिठ्ठी वाचली. तो प्यायलेला असो नसो, मापं वाचताना त्याला तोड नाही. नुसत्या आकड्यांवरून माणूस उभा करतो. भुवया चढवून म्हणाला, “छाती अडतीस, पोट चव्वेचाळीस आणि दंड साडेनऊ? खाऊन सुटलेल्याचा दंडही सुटतो गं. हा सुटलेला नाही, हा सुजलाय. खांदे बघ कसे उतरलेत. पितो हा, लिहून ठेव.”

“असेल,” वहिनी म्हणाली.

“असेल काय? पोटात पाणी झालंय त्याच्या. कोट कसला शिवतोस म्हणावं, आधी डॉक्टर गाठ. घरात कोणी माणसं नाहीत का त्याच्या?”

“आहेत. तो ऐकत नाही.”

“मग हाताला धरून न्या म्हणावं!” आणि त्याने कात्री उचलली.

मी काज करत होते. मला कणभर शंका आली नाही. काखेत कळसा, दुसरं काय!

चार दिवसांनी कच्चा कोट उभा राहिला, पांढऱ्या धाग्यांचे लांब टाके घातलेला. वहिनी म्हणाली, “तुमच्याच बांध्याचा आहे माणूस. जरा घालून बघा ना, पाठीत ओढतोय का.”

दादाने सवयीप्रमाणे ओठांत टाचण्या धरल्या आणि कोट चढवून आरशासमोर उभा राहिला. खांदा चाचपला. बगल बघितली. बटणं जुळवली. पोटावर कोट असा चपखल बसला की टाचणी लावायला कुठे जागाच नव्हती. तो एकेक टाचणी ओठांतून काढून टेबलावर ठेवत गेला. सगळ्या ठेवून झाल्यावर म्हणाला, “माप कधी घेतलंस?”

“दुपारी. तुम्ही झोपता तेव्हा,” वहिनी म्हणाली. “सहा वर्षं घेतेय.”

तिने टेबलाच्या खणातून जुन्या चिठ्ठ्यांचा जुडगा काढला. दर दोन-तीन महिन्यांची एक. पोट चौतीस, छत्तीस, एकोणचाळीस. नावाची जागा सगळ्यांवर कोरी. सहा वर्षं ही बाई झोपलेल्या नवऱ्याभोवती टेप फिरवत होती आणि शेजारी बसून मला पत्ता नाही!

“गाडी बोलावलीय,” ती म्हणाली. “तुम्हीच म्हणालात, हाताला धरून न्या.” आणि तिने खरंच त्याचा हात धरला. दादा त्याच कोटात, लोंबत्या पांढऱ्या धाग्यांसकट दवाखान्यात गेला.

पुढचं सोपं नव्हतं. लिव्हर बरंच गेलं होतं. तीन आठवडे तो आत होता. घरी आल्यावर दोन महिन्यांनी एकदा पुन्हा प्याला, पण संध्याकाळी स्वतः येऊन वहिनीला म्हणाला, “आज घेतली मी.” थेंबभर नाही, कधीतरी नाही, सरळ ‘घेतली’. मी तोंड उघडणार होते, वहिनीने पायाने माझा पाय दाबला. दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा डॉक्टरकडे गेले.

कोट खुंटीवर तसाच होता. मागच्या सोमवारी दादाने तो खाली काढला, खिशाला टाचलेली चिठ्ठी सोडवली आणि पेन्सिलने कोऱ्या जागेत आपलं नाव लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. मग टेप वहिनीच्या हातात दिली.

“जुनं माप चालायचं नाही आता. पुन्हा घे,” म्हणाला, आणि दोन्ही हात बाजूला पसरून उभा राहिला. डोळे टक्क उघडे.

वहिनीने टेप फिरवली. मी पेन्सिल घेऊन तयार. “छाती?” तिने सांगितली. “दंड?” सांगितला. “पोट?”

मी वर बघितलं. टेप धरून ती तशीच वाकलेली होती.

“अगं, पोट किती?”

“थांब जरा,” वहिनी म्हणाली. “आकडा दिसत नाहीये मला.”