भावोजींचं शेवटचं रूप

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा राक्षस होता. हे मी मेहुणी म्हणून टोमणा मारत नाही, त्यांचं कामच ते होतं. मुलांसाठी कार्टूनचे सिनेमे काढणाऱ्या एका स्टुडिओत भावोजी नोकरीला होते, आणि त्या सिनेमांतला खलनायक हरायला लागला की जे अक्राळविक्राळ रूप घेतो, ते शेवटचं रूप भावोजींवरून काढलेलं असायचं.

ते तिथे लागले तेव्हा मात्र सगळं कागदावर चालायचं. मोठा चित्रकार आधी देखणा खलनायक काढायचा, मग शिंगं फुटलेला काढायचा, आणि या दोन चित्रांच्या मधली झाडून सगळी चित्रं भावोजींच्या गळ्यात पडायची. खालून दिवा लावलेल्या काचेवर कागदावर कागद ठेवायचा, शिंग केसभर वाढवायचं, जबडा केसभर पुढे काढायचा, की पुढचा कागद. पडद्यावर ते सगळं पापणी लवायच्या आत संपायचं. मी एकदा म्हटलं, "भावोजी, तुम्ही आठवडाभर राबता आणि मला नेमकी तेव्हाच शिंक आली तर तुमचं सगळं काम बघायचं राहून जातं." ते हसले. ते कशालाही हसायचे. माणूस इतका साधा की राग यावा. बढतीच्या वेळी लोक त्यांना ओलांडून पुढे जायचे आणि हे त्यांच्यासाठी दार उघडून धरायचे.

पुढे कॉम्प्युटर आला आणि मधली चित्रं तोच काढायला लागला. भावोजींच्या ओळीतली माणसं एकेक करून घरी बसली. भावोजी वाचले ते टेबलावरच्या आरशामुळे. तिथे प्रत्येकापुढे एक लहान आरसा असतो. चिडलेला चेहरा काढायचा असला की आधी आपणच त्यात चिडून बघायचं, अशी त्यांची पद्धत. नोकरी जायच्या बेतात असताना भावोजी आरशात बघून दात विचकत बसले होते, आणि मागून जाणारा दिग्दर्शक थबकला.

या दिग्दर्शकाचं एक ठाम मत होतं. शेवटचं रूप कितीही भयंकर असलं तरी ते जिवंत माणसावरूनच घ्यायचं. माणूस ताणला की मुलं घाबरतात, मनाने रचलेला राक्षस काढला तर हसतात, असं त्याचं म्हणणं. भावोजींची हनुवटी मुळातच जरा पुढे आणि भुवया दाट. चेहऱ्याची हालचाल कॉम्प्युटरला टिपता यावी म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर ठिपके चिकटवले, समोर कॅमेरे मांडले आणि सांगितलं, "आता चिडा." ज्या माणसाने आयुष्यात कधी रिक्षावाल्यावरही आवाज चढवला नव्हता, तो त्या दिवशी असा डरकाळला म्हणे की बाहेरची माणसं धावत आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून स्टुडिओत त्यांना 'महाराज' म्हणायला लागले.

पहिला सिनेमा चालला, मग दुसरा निघाला, मग तिसरा. भावोजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आधी मला वाटलं, ते कौतुकाचंच असेल. मी तेव्हा बँकेच्या बदलीवर लांब होते. फोनवर ताई दिसायची, भावोजी मागे कुठेतरी हात हलवायचे.

काही वर्षांनी बदली होऊन परत आले. ताईच्या दाराची घंटा वाजवली, दार उघडलं, आणि मी समोरच्या माणसाला विचारलं, "आपण कोण?"

भावोजीच होते. कपाळ भुवयांवर छज्ज्यासारखं पुढे आलेलं, नाक पसरलेलं, खालचे दात वरच्यांच्या पुढे आणि दातांमध्ये फटी. आवाज विहिरीतून यावा तसा. त्यांनी मला चहाचा कप दिला तेव्हा त्या पंजात कप बाहुलीचा वाटला. मी ताईला स्वयंपाकघरात ओढलं.

"अगं, यांना झालंय काय?"

"काय झालंय? वय झालं. माणूस सुटतोच," ताई म्हणाली. "बोटातली अंगठी तेवढी कापून काढावी लागली. चपला मात्र यांच्या मापाच्या कुठे मिळत नाहीत बघ."

माझी ताई आणि तिचा नवरा, दोघं एकाच मुशीतून काढलेले. रोज बघणाऱ्याला वाढ दिसत नाही हे मलाही कळतं. पण माणूस रोज चौकटीला खांदा आपटतो, रोज ताटाकडेचा पेला सांडतो, आणि घरातली बाई 'धांदरटच आहेत' म्हणून फडकं फिरवते, याला काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर स्टुडिओत गेले. तिथे भिंतीवर तिन्ही सिनेमांतली शेवटची रूपं शेजारीशेजारी लावलेली होती. मोठा चित्रकार मोठ्या अभिमानाने दाखवायला लागला.

"पहिल्यात आम्ही बिचकत होतो. दुसऱ्यात थोडा हात सुटला. आणि हा तिसरा बघा! कपाळ किती पुढे खेचलंय. जबडा बघा. आता आम्हाला वाढवून काढायची भीती वाटत नाही."

त्या तिसऱ्या चित्राखाली भावोजी चहा पीत उभे होते. शिंगं आणि हिरवा रंग सोडला तर चित्रात आणि त्यांच्यात तसूभर फरक नव्हता. चेहरे वाचण्यावर पोट भरणाऱ्या त्या शहाण्यांनी दर सिनेमाला त्यांच्यावर ठिपके चिकटवले, आलेला चेहरा जसाच्या तसा उतरवला, मागच्यापेक्षा भयंकर झालाय हे पाहिलं आणि आपलीच पाठ थोपटून घेतली.

"हे तुम्ही वाढवलेलं नाही हो," मी म्हटलं. "हे त्यांचंच वाढलंय."

चित्रकार हसला. भावोजीही हसले. माझं डोकं फिरलं. त्याच आठवड्यात मी दोघांना धरून डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरने मेंदूचा फोटो दाखवला. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिच्यावर गाठ होती. तिच्यामुळे हाडं वाढत होती. हात, पाय, जबडा, सगळंच. आणि गाठ वरच्या बाजूने डोळ्यांच्या नसांना टेकली होती.

"कडेचं दिसणं गेलेलंच आहे," डॉक्टर म्हणाले. "समोरचं अजून शाबूत आहे. नाकातून शस्त्रक्रिया करून गाठ काढू. पण लगेच. थांबलात तर कुठल्या दिवशी काय होईल, मी सांगू शकत नाही."

"आणि चेहरा?" भावोजींनी विचारलं.

"हाडं आहेत तशी राहतील. पण सूज उतरेल. बराचसा पहिल्यासारखा दिसेल."

ताईने तिथेच डोळे पुसले आणि देवाचे आभार मानले. भावोजी त्या फोटोकडेच बघत होते. मला वाटलं, घाबरले असतील.

दोन दिवसांत दिग्दर्शक फळं घेऊन घरी आला. कोचावर टेकला, तब्येतीची चौकशी केली, ताईच्या चहाचं कौतुक केलं आणि मग हळूच मुद्द्यावर आला. चौथ्या सिनेमाचं काम निम्मं झालं होतं. शेवटचं रूप निम्मं टिपून झालं होतं. आता सूज उतरली तर पुढचा चेहरा मागच्याशी जुळणार नव्हता.

"मी मुळीच जबरदस्ती करत नाही," तो म्हणाला. "तब्येत आधी. पण महाराज, एक सांगतो, तुमच्याशिवाय हा सिनेमा होणार नाही."

साप घरात शिरला तर माणूस काठी तरी घेतो. मी त्याला फळं कापून दिली. तो गेला आणि भावोजींनी परस्पर हॉस्पिटलला फोन करून तारीख पुढे ढकलली. ताईला सांगितलं, डॉक्टर परगावी गेलेत. तिकडे माझा नंबर दिलेला होता म्हणून मला कळलं. मी तडक घरी गेले आणि ताईच्या समोर त्यांना उभं केलं.

"लाज वाटत नाही? त्या माणसाच्या राक्षसासाठी डोळे घालवणार?"

"थोडंच काम उरलंय गं."

"त्याने हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि तुम्ही चढलात!"

ताई रडायला लागली. त्यांच्या पायाच पडली. भावोजींनी तिला उठवलं, खुर्चीत बसवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जन्मभर मधली चित्रं काढली मी. एकही कुणी धड पाहिलं नाही. हे शेवटचं तरी माझं असू दे. लोक थांबून बघतात हे."

"आणि डोळे?"

"आहेत की. तू दिसतेस ना समोर, फणकारलेली."

नवरा तिचा, डोळे त्यांचे. ताईने देवापुढे दिवा लावला. मी जिवाचा आटापिटा केला, डॉक्टरकडून फोन करवला, दिग्दर्शकाला जाऊन चार शब्द ऐकवले. त्याने मान डोलावली, समोर बसवून कॉफी पाजली आणि म्हणाला, "त्यांचा निर्णय आहे, मॅडम."

पुढचं मला चेहऱ्यावर ठिपके चिकटवणाऱ्या मुलीने सांगितलं, तेही हॉस्पिटलच्या जिन्यात, हुंदके देत. त्या दिवशी खलनायकाच्या मरणाचं दृश्य होतं. दिग्दर्शक म्हणाला, "आता सगळं संपलंय. हरलात तुम्ही. ओरडा." भावोजी ओरडले आणि मध्येच दोन्ही हातांनी डोकं गच्च धरलं. मग हवेत काहीतरी चाचपडायला लागले. खुर्ची सापडेना. तोंडातून जनावरासारखा आवाज निघत होता. ती मुलगी पुढे धावली तर दिग्दर्शकाने हात आडवा घातला. कॅमेरा थांबवू नका, अशी खूण केली. भावोजी गुडघ्यांवर पडले, जमीन चाचपली, आडवे झाले. मग दिग्दर्शकाने टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवली. इतकं चांगलं काम त्यांनी कधी केलं नव्हतं म्हणे.

टाळ्या थांबल्यावर भावोजी जमिनीवरूनच म्हणाले, "कुणीतरी दिवे लावा ना."

खोलीत लख्ख उजेड होता.

गाठीत रक्तस्राव झाला होता. संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. डोळे आले नाहीत. पुढच्या महिन्यांत सूज मात्र डॉक्टर म्हणाले तशी उतरली. नाक बारीक झालं, ओठ आत गेले, आणि ताई यायच्या-जायच्या माणसाला कौतुकाने सांगायला लागली, "बघा ना, लग्नात दिसायचे तसे दिसतात." तो चेहरा त्यांनी काही पाहिला नाही. स्टुडिओने एक शाल पाठवली. फोन हळूहळू कमी झाले आणि मग बंदच पडले. भावोजी मात्र खिडकीपाशी बसून चौथ्या सिनेमाची वाट बघत राहिले. कोणीही आलं की विषय तोच. शेवटच्या दृश्यात मी असा पडतो, मग असा हात टाकतो. त्यांना कुणी अजून सांगितलं नव्हतं की पडले ते खरेच पडले होते. की त्यांना ठाऊक होतं आणि तेही कामाचाच भाग धरत होते, मला आजवर कळलेलं नाही.

सिनेमा लागला त्या दिवशी आम्ही तिघं गेलो. भावोजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाहेर दालनात दिग्दर्शक उभा होता. आम्हाला पाहून त्याचा चेहरा पडला. ताई भावोजींना हाताला धरून आत घेऊन गेली तेव्हा त्याने मला बाजूला घेतलं.

"एक सांगायचं होतं. ते दृश्य आम्ही काढलं. म्हणजे वगळलं. आधी काही मुलांना दाखवून बघितलं तर मुलं घाबरेचनात. रडायलाच लागली. राक्षसाला मारू नका म्हणायला लागली. खलनायकाची दया आली तर सिनेमा संपतो हो. मग कॉम्प्युटरवर नवीनच काहीतरी बनवलं. सोंडा, तोंडं वगैरे." त्याने आवाज आणखी खाली आणला. "त्यांना दिसत नाहीच. उगाच कशाला सांगायचं?"

मी त्याच्या थोबाडीत मारायला हवी होती. बाजूला लोक उभे होते, मी तिकीट दाखवून आत गेले.

सभागृह मुलांनी भरलेलं होतं. भावोजी आमच्या दोघींच्या मध्ये. तास-दीड तास ते नुसतं ऐकत होते. मग पडद्यावर नायकाने तलवार उगारली, संगीत चढलं, खलनायक किंचाळला, आणि भावोजी खुर्चीत पुढे सरकले. पडद्यावर त्या देखण्या खलनायकाच्या अंगातून गांडुळासारख्या सोंडा निघाल्या, प्रत्येकीच्या टोकाला एक तोंड. डोळे नव्हते, कपाळ नव्हतं, हात नव्हते. आवाजही भावोजींचा नव्हता.

"कसा दिसतोय मी?" त्यांनी ताईला विचारलं.

"हुबेहूब," ताई म्हणाली. "अगदी हुबेहूब तुम्ही." आणि तोंडाला पदर लावला.

भावोजींनी मान माझ्याकडे वळवली. "हा आवाज माझा नाही. तू सांग. तू फटकळ आहेस, तू सांगशील."

ताईने त्यांच्या पाठीमागून हात घालून माझा दंड दाबला. मी सांगितलं. मला राग होता, त्या माणसाचा, ताईचा आणि सगळ्यात जास्त भावोजींचा. म्हटलं, "तुम्ही नाही आहात त्यात. काढून टाकलंय तुम्हाला. दुसरंच काहीतरी आहे, सोंडांचं."

पडद्यावर आरडाओरडा चालू होता. पुढच्या रांगेतल्या एका पोराने भीतीने आईच्या कुशीत तोंड खुपसलं. मागे कुणीतरी किंचाळलं, आणि मग सगळं सभागृहच किंचाळलं.

"मुलं घाबरतायत?" भावोजींनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "जाम घाबरतायत."

"मग बरोबर केलं त्यांनी," भावोजी म्हणाले, आणि दिवे लागेपर्यंत पडद्याकडे तोंड करून बसून राहिले.