पेपर चालू असताना उठायचं नाही

दत्ताभाऊ इंग्रजीचा सराव पेपर सोडवता सोडवता मेले. आज वर्ष झालं.

सकाळपासून सगळ्यांचे स्टेटस बघतेय. 'अभ्यास करता करता गेला, काय भाग्याचं मरण.'

डोंबलाचं भाग्य.

मी त्याच बेंचवर त्यांच्या शेजारी बसले होते. म्हणून लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दत्ताभाऊ आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावचे. हिंगोलीत आमच्या अभ्यासिकेतले सगळ्यांत जुने. घरी बायको, एक लेकरू. वयाची अट संपत आलेली, त्यामुळे त्या वर्षीची सरकारी भरती म्हणजे त्यांचा शेवटचा चान्स.

आम्हाला इंग्रजी त्यांनीच शिकवलं. फुकट.

टेन्सचा प्रश्न आला की आम्ही चार पर्यायांकडं लग्नातल्या अनोळखी पाहुण्यांसारखं बघायचो. नमस्कार करायचा, पण हे नेमके कोण ते माहीत नाही.

भाऊ म्हणायचे, "घाबरू नका रे. आधी वाक्यात टाइम हुडका. येस्टरडे हाय का, सिन्स हाय का, एव्हरी डे हाय का. टाइम घावला की क्रियापद घावतंय."

आणि खरंच घावायला लागलं.

पण त्यांचा एक नियम होता. दर रविवारी सराव पेपर, आणि एकदा बसलं की संपेपर्यंत उठायचं नाही. पाणी नाही, फोन नाही, बाथरूम नाही.

त्याला कारण होतं. मागं एका भरतीच्या खऱ्या पेपरला ते मधेच बाथरूमला गेले. इंग्रजीचे प्रश्न शेवटी होते, ते तसेच राहिले. लिस्टमधून नाव थोडक्यात हुकलं. तेव्हापासून उठणं म्हणजे त्यांच्या लेखी पापच.

मला त्या नियमाची आधीपासून भीती वाटायची. एकदा एका पोरीला चक्कर आली, तरी ती बेंच धरून बसून राहिली. भाऊंनी तिचं कौतुक केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग थंडी पडली.

आणि भाऊंना घाम यायला लागला.

आम्ही स्वेटर घालून बसायचो, ते रुमालानं मान पुसत. डावा खांदा सारखा दाबत.

"भाऊ, काहून दाबून राहिले?"

"पित्त हाय. सोडा पिलो की जातंय."

जात नव्हतं.

एका रविवारी त्यांचा साध्या वर्तमानकाळाचा प्रश्न चुकला. पाचवीतलं लेकरू सोडवेल असला. आमच्यातला संदीप हसला, "काय गुरुजी, भांग घेतली का?"

भाऊ हसले नाहीत. कागदाकडं बघतच राहिले. हळूच म्हणाले, "अक्षरं हालून राहिली."

मी घरी जाऊन वहिनींना फोन केला. वहिनी म्हणाल्या, "माझं ऐकतात व्हय ते? पेपर झाल्यावर दाखवू म्हणतात."

खरा पेपर तोंडावर आला होता.

पुढचा रविवार. सकाळची वेळ. सगळे माना खाली घालून उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे करत होते. माझ्या शेजारून श्वासाचा आवाज यायला लागला. जड, ओढल्यासारखा. बघितलं तर भाऊंचा चेहरा राखेसारखा झालेला.

मी उठले.

"भाऊ, दवाखान्यात चला."

"बस खाली, शुभांगी. पेपर चालू हाय."

"पेपर मरू द्या. चला तुमी."

"टेन्सचेच राहिले आता. झालं की बराबर जाऊ."

मी संदीपला हलवलं. म्हटलं, गाडी काढ. संदीप कुजबुजला, "थांब ना, सोडवू दे त्यांना. पुन्हा चिडतील."

हॉलभर माणसं होती. एकानंही मान वर केली नाही. मी बाहेर धावले, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला हाताला धरून आणलं, म्हटलं उचला यांना. आम्ही दारात पोचलो तेव्हा भाऊंनी आमच्याकडं बघून हात वर केला. थांबा, म्हणून.

मग तो हात खाली आला आणि डोकं बेंचवर.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "एवढा वेळ हे काय करून राहिले होते?"

संदीपच बोलला. "पेपर सोडवून राहिले होते."

वहिनी पोचल्या तेव्हा सगळं संपलं होतं.

मला नंतर नोकरी लागली. इंग्रजीच्या मार्कांवरच लागली. भाऊंचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत, हे कुणी मला सांगायची गरज नाही.

आज सुट्टी होती म्हणून फुलं घेऊन अभ्यासिकेत आले. दारात मोठा फ्लेक्स. भाऊंचा हार घातलेला फोटो. त्यांच्या स्मरणार्थ सराव पेपर. आणि खाली ठळक अक्षरात, 'पेपर चालू असताना उठायचं नाही. भाऊंची शिकवण.'

आत सगळी नवी पोरं. भाऊंना कधी पाहिलेलं नाही त्यांनी.

दारात संदीप उभा. मला म्हणाला, "शुभांगी, आत नको जाऊ. पेपर चालू हाय."

मी त्याला बाजूला सारून आत गेले. मागच्या बेंचवर एक पोरगी शाल गुंडाळून बसलेली, तापानं डोळे लाल, दात वाजत होते.

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ज्याला बरं वाटत नाही त्यानं उठावं. मी दवाखान्यात नेते."

कोणी उठलं नाही.

त्या पोरीनं माझ्याकडं बघितलं. मग घड्याळाकडं बघितलं आणि पुढचा गोल काळा करायला लागली.

मी बाहेर पायरीवर बसून हे लिहितेय. रडू आवरत नव्हतं म्हणून बाहेर आले. ऑटो थांबवून ठेवलाय.

दत्ताभाऊ, तुमाला हात जोडते. तुमची लई आठवण येते.

आता आत जाते, त्या पोरीला उठवायला.